मांजर आहे म्हणजे चोरच, हे ठरवलं कुणी?

आमच्या रविवारच्या डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलवर बसून, फासे टाकून, आपापलं पात्र होऊन खेळायच्या फँटसी खेळाच्या ग्रुपमध्ये मागे एक नवीन मुलगा आला, त्याचं आयुष्यातलं पहिलंच कॅरेक्टर, आणि त्याने टॅबॅक्सी निवडली, म्हणजे दोन पायांवर चालणारी, बोलणारी, कपडे घालणारी मांजर. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा, म्हणून मी विचारलं की ही करते काय, कुठून आली, घरी कोण कोण आहे. तो म्हणाला, "अरे मांजर आहे ना, मग चोरच असणार." टेबलवरच्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही, मी तसंच लिहून घेतलं आणि खेळ सुरू झाला. पुढचे तीन महिने ती मांजर दर सेशनला कुणाचा तरी खिसा कापत होती, माशाच्या वासामागे जात होती, रिकाम्या पेटीत जाऊन बसत होती. तिची आई कोण, ती कुठल्या गावची, तिच्या भाषेत दाराला काय म्हणतात, हे कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. त्याच टेबलवर एका एल्फ (टोकदार कानांचे, माणसासारखे लोक) बाईच्या तीन पिढ्यांचा इतिहास मात्र सगळ्यांना पाठ होता.

हा फरक मला फार उशिरा दिसला, पण दिसल्यापासून डोक्यातून जात नाहीये. फँटसी गेममध्ये एल्फ, ड्वार्फ (बुटके, दाढीवाले लोक), माणूस यांना संस्कृती मिळते आणि ज्यांना शेपूट, चोच किंवा खवले आहेत त्यांना नुसता 'स्वभाव' मिळतो. एल्फ वाईट निघाला तर तो एकटा वाईट, मांजर चोर निघाली तर अख्खी मांजर-जमात चोर. आणि हे कुणाबद्दल चाललंय, तर ज्यांना गेमच्याच पुस्तकांनी शहरं दिलीत, राजे दिलेत, व्यापार दिलाय, देव दिलेत, म्हणजे सुसंस्कृत म्हणूनच मांडलेले लोक आहेत हे. मग त्यांना तसं वागवा ना.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेतो, स्कायरिम. २०११ चा गेम, अजूनही लोक खेळतात. त्यात खाजीट म्हणजे मांजर-लोक, त्यांचे व्यापारी तांडे शहराच्या तटाबाहेर तंबू ठोकून बसलेले असतात कारण नॉर्ड, म्हणजे तिथली स्थानिक माणसं, त्यांना आत घेत नाहीत, हे सगळे चोर आणि तस्कर अशी त्यांची पक्की समजूत. विंडहेल्म शहरात आर्गोनियन, म्हणजे सरड्यासारखे लोक, धक्क्यावर हमाली करतात, नॉर्ड मजुरापेक्षा कितीतरी कमी मजुरीवर, आणि त्यांनाही तटाच्या आत राहायला बंदी. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, उलट चांगलं लिहिलंय, कारण हा पूर्वग्रह नॉर्डांचा आहे आणि आपण त्या तंबूपाशी जाऊन थांबतो, दोन वाक्यं बोलतो तेव्हा कळतं की ही घरापासून फार लांब, परक्या थंडीत येऊन पडलेली माणसं आहेत. हो, मी माणसंच म्हणणार. पण मग तुम्ही नवीन कॅरेक्टर बनवायला जाता आणि गेम स्वतःच्या तोंडाने सांगतो की खाजीट घेतलात तर लपतछपत चालण्याचे १० गुण जादा, खिसा कापण्याचे ५, कुलूप उघडण्याचे ५. आर्गोनियन घेतलात तर कुलुपाचे १०, खिशाचे ५. वुड एल्फलाही हे मिळतं, ते सांगायला हवं, पण नॉर्डला नाही मिळत. म्हणजे गोष्टीत ज्याला पूर्वग्रह म्हणून दाखवलं तेच नियमांत सत्य म्हणून छापलं, आणि वर चोरांच्या टोळीसाठी एक काम केलं की हेच तांडे चोरीचा माल विकत घ्यायला लागतात. मग तटाच्या दारावरचा तो शिपाई बरोबरच होता असं गेमला म्हणायचंय का?

इथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे. तळव्याला गादी आहे म्हणून पावलाचा आवाज होत नाही, हे शरीर झालं, त्याचे गुण द्या, जरूर द्या. अंधारात दिसतं, तेही द्या. पण कुलूप उघडणं कुणाच्या शरीरात नसतं. ते कुणीतरी शिकवतं, कुणीतरी शिकतं, त्यामागे गरज असते, उपासमार असते, एखादा उस्ताद असतो, आणि ते सगळं त्या एका माणसाचं असतं, जमातीच्या रक्तात ते टाकायचा हक्क गेम लिहिणाऱ्याला कुणी दिला?

आपण मराठी माणसांनी तरी हा प्रश्न हलका घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे हे खेळात नाही, कायद्यात होऊन गेलंय. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदवायची, पोलिसात हजेरी लावायला लावायची, परवानगीशिवाय मुक्काम हलवायचा नाही, पुढे तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट, सोलापूरची सेटलमेंट जुन्या लोकांना अजून आठवते. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून विमुक्त हा शब्द आला, पण गावात चोरी झाली की गावाबाहेर पालं टाकून राहिलेल्या पारध्यांकडे पहिली शंका जाणं काही १९५२ ला थांबलं नाही. या माणसांची आणि गेममधल्या प्राण्यांची तुलना मी करत नाहीये, तशी कुणी करू पण नये. मी तुलना करतोय त्या दोन कागदांची. एका कागदावर जमातीचं नाव आणि शेजारी 'चोरी', दुसऱ्या कागदावर पण जमातीचं नाव आणि शेजारी 'चोरी'. ज्याने पहिला कागद वाचलाय त्याला दुसरा भरताना हात थोडा तरी अडखळायला पाहिजे. माझा नव्हता अडखळला.

डी अँड डी वाल्यांना याची जाणीव झालेली नाही असं नाही. २०१६ च्या त्यांच्या एका पुस्तकात ऑर्क (दांडगे, राक्षसासारखे लोक) खेळायला घेतला तर बुद्धीतून २ वजा व्हायचे, कोबोल्ड (छोटे, सरड्यासारखे लोक) घेतला तर ताकदीतून २ वजा. त्याच पुस्तकात केंकू, म्हणजे कावळ्यासारखे पक्षी-लोक, त्यांना शाप असा की स्वतःचा आवाज नाही, ऐकलेल्या आवाजांची नक्कलच फक्त करता येते आणि वर नवीन कल्पनाही सुचत नाही. आता विचार करा, तुम्ही प्लेअरला एक अख्खी जमात देताय आणि सांगताय की यातल्या कुणालाही कधी काही सुचणार नाही. २०२० मध्ये टीका झाल्यावर वजाबाक्या गेल्या, २०२२ मध्ये केंकूंचा शापही गेला. पण त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये अंतराळातल्या साहसांचं नवीन पुस्तक आलं त्यात हॅडोझी, माकडासारखे लोक, त्यांची जन्मकथा अशी की ते आधी साधे प्राणी होते, एका जादूगाराने पकडून औषध पाजून हुशार केलं, सैन्य म्हणून विकायचं होतं, मग त्याच्या शिष्यांनी दया येऊन सोडवलं. पकडलेले, विकायला काढलेले, दुसऱ्याच्या कृपेने सुटलेले, आणि चेहरा माकडाचा. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात काळ्या माणसांबद्दल नेमकं काय काय बोललं जायचं हे ज्याला माहीत आहे त्याला ही गोष्ट वाचून पोटात ढवळलं असणार. लोक चिडले, कंपनीने सप्टेंबरच्या सुरुवातीला माफी मागितली, तो मजकूर काढला. बरं केलं. पण लिहिताना, तपासताना, चित्र काढताना, छापताना इतक्या हातांतून गेलं आणि कुणाला खटकलं नाही, हे मला त्या मजकुरापेक्षा जास्त लागलं, कारण शेपूट दिसली की आपण सगळेच विचार करायचं थांबवतो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की 'रेस' हा शब्द सोडून 'स्पीशीज', म्हणजे प्रजाती, वापरणार, आणि २०२४ च्या पुस्तकात तसं आलं. ठीक आहे, रेस शब्द गेला ते चांगलंच. पण स्पीशीज म्हटलं की प्रयोगशाळेचा वास येतो, आणि 'हे त्यांच्या रक्तातच आहे' म्हणणं अजून सोपं होतं. आपल्या मराठीत लोक, जमात, कूळ, घराणं असे किती शब्द पडलेत, मी टेबलवर 'लोक' म्हणतो, मांजर-लोक, सरडे-लोक, आणि शप्पथ सांगतो, नुसत्या त्या शब्दाने प्लेअर वेगळे प्रश्न विचारायला लागतात.

दुसऱ्या बाजूची चूक पण आहे आणि ती चांगल्या मनाने केलेली असते. प्राण्याचं डोकं घ्यायचं आणि खाली एखाद्या खऱ्या मानवी समाजाच्या चालीरीती तयार उचलून जोडायच्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या २००४ च्या कॉम्प्युटर गेममधले टॉरेन बघा, बैलाच्या तोंडाचे, शांत, प्रेमळ, निसर्गाला मानणारे, कुणालाही आवडतील असे. पण त्यांचे तंबू, पिसं, कोरलेले खांब, धरणीमाता, सगळं अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या वस्तूंवरून घेतलेलं. आणि त्याच जगात माणसांचे किल्ले मात्र युरोपी. म्हणजे युरोपची वस्तू माणसाच्या घरी ठेवली आणि त्या लोकांची गोठ्यात. टॉरेनना चांगलं दाखवलंय हे मान्य करूनही हे मला बोचतं.

यावर लगेच एक उत्तर येतं आणि ते मला खूप वेळा ऐकावं लागलंय, की मग करायचं तरी काय, चोर नको, दुष्ट नको, उचललेली संस्कृती पण नको, शेवटी सगळे मुखवटा घातलेले साधे माणसंच होणार, मग प्राणी घ्यायचेच कशाला? हा आक्षेप खरा आहे. मुखवटा घातलेला माणूस मलाही कंटाळवाणा वाटतो. माझं उत्तर असं की शरीरापासून सुरुवात करा आणि घरापर्यंत या. त्या शरीराला झोपायला काय लागेल, जिना कसा असेल, शिवी कशावरून दिली जाईल, लाज कशाची वाटेल, मेल्यावर काय करतील, म्हातारपणी दात पडले तर कोण भरवेल.

आणि याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला नमुना आपल्याच घरात आहे. वाल्मीकींच्या किष्किंधेतले वानर. नगर आहे, राजा आहे, मंत्री आहेत, युवराज कोण यावर राजकारण आहे, तारेसारखी राणी आहे जी नवऱ्याला स्पष्ट सांगते की सुग्रीव उगाच परत आव्हान देत नाहीये, त्याच्यामागे कुणीतरी आहे, आता जाऊ नका. हनुमान पहिल्यांदा भेटून बोलतो तेव्हा राम लक्ष्मणाला म्हणतो की वेद शिकल्याशिवाय कुणी असं बोलू शकत नाही, याने व्याकरण नीट ऐकलेलं दिसतंय, इतकं बोलला पण एक शब्द चुकला नाही. हे झालं सुसंस्कृतपण. पण कवीने शेपूट विसरून नाही टाकली! लंकेत रावण शिक्षा ठरवतो ती काय, तर वानरांना शेपूट हा प्रिय दागिना, ती जाळा, म्हणजे हा घरी गेल्यावर याचे नातेवाईक, मित्र याला असा विद्रूप झालेला बघतील. बघा किती विचार आहे त्यात. शत्रूलासुद्धा माहीत आहे की या लोकांची अब्रू कुठे असते, आणि माणसाला ती शिक्षा लागूच होत नाही. सीतेचा शोध लागल्यावर परत येताना सगळे वानर मधुवनात घुसून मध पिऊन धिंगाणा घालतात, राखणदार दधिमुख तक्रार घेऊन येतो आणि सुग्रीव रागवायच्या जागी ओळखतो की काम झालेलं दिसतंय, नाहीतर यांनी राजाच्या बागेला हात लावला नसता. माकडपणा आहेच, पण त्या माकडपणाला त्यांच्यात अर्थ आहे, नियम आहे, तो नियम कधी मोडायचा याची समज आहे. मला गेममध्ये एवढंच हवंय.

वालीचा प्रसंग मी हे लिहायच्या आधी परत वाचला. बाण लागून पडलेला वाली रामाला विचारतो की आम्ही वनात राहणारे, फळंमुळं खाणारे, तुमचं आमचं वैर काय, माझं कातडं तुमच्या उपयोगाचं नाही, माझं मांस तुम्हाला चालत नाही, मग मारलंत कशाला. आणि उत्तरात दोन गोष्टी येतात, एक म्हणजे तू जिवंत भावाची बायको ठेवलीस, ती सुनेसारखी, त्याची ही शिक्षा, आणि दुसरी म्हणजे तू शाखामृग, राजे मृगांची शिकार करतातच. पहिलं उत्तर वालीला धर्माच्या कायद्यात उभं करतं, दुसरं त्याला कायद्याच्या बाहेर काढतं. टीकाकारांनी या जागेवर पुष्कळ डोकं लावलंय आणि मी कुणी पंडित नाही, निवाडा करायची माझी पात्रता नाही. मला जे भिडतं ते हे, की कवीने वालीच्या तोंडी पूर्ण युक्तिवाद दिला, त्याला बोलू दिलं, आणि गाठ झाकली नाही. आपल्या गेममध्ये हीच दोन उत्तरं रोज वापरली जातात आणि वालीला बोलायला मात्र कुणी देत नाही. तरस-लोकांनी गाव लुटलं की ते 'गुन्हेगार', त्यांना शिक्षा पाहिजे, आणि त्यांच्या गुहेत शिरून पिल्लं सापडली की ते 'प्राणी', त्यांचं काय एवढं. टोपी सोयीप्रमाणे फिरते. डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी एक गायगॅक्स, त्याचं १९८० च्या आसपासचं सीमेवरच्या किल्ल्याचं तयार साहस कित्येक पिढ्यांनी पहिलं म्हणून खेळलं, त्यातल्या गुहांमध्ये माद्या आणि पिल्लं मोजून लिहिलेली आहेत. त्यांचं करायचं काय हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक टेबलवर पडतोय.

नोल म्हणजे तेच तरस-लोक. त्यांच्यावर डी अँड डीने काढलेला उपाय मला पटत नाही. २०१४ च्या मॉन्स्टर पुस्तकात गोष्ट अशी की राक्षसी देवाच्या शिकारीचे तुकडे खाऊन तरसांचे नोल झाले, रक्तपात सोडून त्यांना काही येत नाही, आणि २०२५ च्या मॉन्स्टर पुस्तकात त्यांना सरळ सैतानी वर्गात टाकलं. म्हणजे लोकच नाहीत, प्रश्न मिटला. आता खरा तरस बघा, आफ्रिकेतला ठिपकेवाला. त्यांच्या कळपात माद्यांचं राज्य असतं, मादी नरापेक्षा थोराड, हुद्दा आईकडून लेकीला जातो, आणि उष्टं खाणारा म्हणून बदनाम असला तरी बहुतेक खाणं तो स्वतः शिकार करून मिळवतो. यातून किती सुंदर समाज उभा राहतो! पाथफाइंडर, म्हणजे डी अँड डीसारखाच दुसरा खेळ, त्याच्या लोकांनी तो केला. खेळातल्या म्वांगी प्रदेशाच्या २०२१ च्या पुस्तकात त्यांनी नोल खेळायला दिले आणि त्यांची प्रथा अशी की आपल्या मेलेल्या माणसाला खायचं, कारण प्रिय माणूस जमिनीत कुजू देणं त्यांना अपमान वाटतो. वाचताना अंगावर काटा येतो, आणि दुसऱ्या क्षणाला कळतं की हे प्रेम आहे. तरसाचा जबडा तसाच ठेवला आणि त्यातून अंत्यसंस्कार काढला. आता त्यांचं नाव पण खोलो केलंय, त्यांनी स्वतःला म्हणायचं नाव.

खाजीटांना पण अन्याय नको करायला, कारण त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांनी गेमच्या आकड्यांपेक्षा खूप चांगलं लिहून ठेवलंय. जन्माच्या वेळी दोन चंद्रांच्या कला कशा होत्या त्यावर बाळ कसलं होणार ते ठरतं, कुणी घरातल्या मांजरीएवढं, कुणी एल्फसारखं, कुणी पाठीवर माणूस बसेल एवढं मोठं, सख्खी भावंडं सगळी वेगळ्या आकाराची. मी यावर तासन् तास विचार केलाय की अशा घरात जेवायला पंगत कशी बसत असेल. ज्या चंद्रसाखरेला बाहेरचे लोक नशा म्हणतात ती त्यांच्याकडे पवित्र. आणि स्कायरिमच्याच मालिकेतल्या २००२ च्या मॉरोविंडमध्ये खाजीट आणि आर्गोनियन दोघांनाही बूट घालता यायचे नाहीत, कारण पायाची ठेवणच वेगळी, पंज्यावर चालणारे. प्लेअर कटकट करायचे, पण त्या कटकटीतून कळायचं की हे जग आपल्या पायासाठी बनलेलं नाही. २००६ च्या पुढच्या गेममध्ये त्यांना सरळ माणसाचे पाय दिले. सोय झाली, आणि एक चांगली गोष्ट गेली.

अजून एक सांगतो, रुनक्वेस्टचं. १९७८ चा, असाच टेबलवरचा जुना खेळ, त्यातल्या प्रॅक्स नावाच्या माळरानावर देवाने माणसं आणि जनावरं यांच्यात करार लावला, जो हरेल तो दुसऱ्याचं खाद्य आणि त्याची बुद्धी जाणार. सगळीकडे माणसं जिंकली, एका ठिकाणी मोरोकांथ जिंकले, टॅपिर (छोट्या सोंडेचं, डुकरासारखं जनावर) यासारखे दिसणारे, अंगठा नसलेले लोक, आणि ते आजही बुद्धी गेलेल्या माणसांचे कळप राखतात. बाकीच्या टोळ्या म्हणतात यांनी लबाडी केली. मी हे एकदा टेबलवर आणलं तेव्हा अर्धा तास कुणी फासा टाकला नाही, नुसते बोलत होते, एक जण खरंच अस्वस्थ झाला की कळपातल्यांना सोडवायचं की नाही, आणि सोडवून त्यांना सांभाळणार कोण.

दुष्ट पात्र नको असं मी म्हणतच नाहीये. लुटारू तरस असू दे, लबाड मांजर असू दे, त्याला त्याचं स्वतःचं कारण द्या आणि त्याच गावात त्याच्यावर वैतागलेली त्याची मावशी पण द्या.

तो मुलगा अजून आमच्यात खेळतो. गेल्या दिवाळीनंतर नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक रविवार चालणारी नवी गोष्ट, सुरू केली तेव्हा त्याने परत मांजरच घेतली, आणि यावेळी मी तेच प्रश्न परत विचारले आणि उत्तराची वाट बघितली. पुढच्या रविवारी तो दोन पानं लिहून घेऊन आला. त्याच्या लोकांची घरं उंच, येणंजाणं सगळं माळ्यावरून, कौलांतून, आणि जमिनीला लागून प्रत्येक घराला एकच दार, ते फक्त मेलेलं माणूस बाहेर नेताना उघडतात, त्याला त्यांच्या भाषेत 'शेवटची वाट' असा शब्द. पहिल्याच सेशनला पार्टी, म्हणजे आमच्या पात्रांची टोळी, पावसात भिजत एका धर्मशाळेपाशी पोचली, मी म्हटलं समोर दार उघडं आहे, आत शेकोटी आहे, सगळे आत गेले. तो म्हणाला, मी बाहेर थांबते. कुणाला कळेना. मग त्याने सांगितलं. टेबल एकदम शांत झालं, आणि आमच्यातला ड्वार्फ खेळणारा, जो एरवी मारामारीशिवाय तोंड उघडत नाही, तो म्हणाला की माझा ड्वार्फ परत पावसात बाहेर येतो, मागच्या अंगणात शिडी कुठे आहे ते शोधतो.